परदेशांतील बिऱ्हाड आणि घरचीं पत्रें

परदेशीं शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याचें चरित्र लिहितांना चरित्रकाराची दृष्टि बहुधा दोनच ठिकाणीं खिळते : बंदरावरील निरोप आणि पदवीदानाचा समारंभ. परक्या गांवीं बिऱ्हाड मांडून काढलेलीं मधलीं वर्षें चार ओळींत आटोपतात. काशीबाई कानिटकर यांनीं १८८९ सालीं प्रसिद्ध केलेलें डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र या रीतीला ठळक अपवाद आहे. चरित्रनायिकेच्या पत्रांना त्यांनीं भरपूर जागा दिली, आणि त्यामुळें मधलीं वर्षें जिवंत राहिलीं.

काशीबाईंचा जन्म १८६१ सालीं आष्टें येथें झाला. हें गांव पूर्वीं सातारा जिल्ह्यांत मोडत असे. आज तें सांगली जिल्ह्यांत आहे. शाळेची पायरी त्या कधीं चढल्या नाहींत. पति सुशिक्षित, म्हणून लग्नानंतर त्यांनीं घरांतल्या घरांत विद्या संपादन केली. अशा स्त्रीनें फिलाडेल्फियाच्या विद्यार्थिनीचें चरित्र लिहावें याचें प्रथम नवल वाटतें. परंतु इंग्रजी विद्येचा प्रांत काशीबाईंनाही एका अर्थीं परदेशच होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांची योग्यता पटते.

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून पतीवांचून निघाल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. जूनमध्यें त्या न्यूयॉर्कला उतरल्या. केवळ पत्रांनीं ओळख झालेल्या कार्पेंटरबाईंनीं न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या आपल्या घरीं त्यांना पोटच्या मुलीप्रमाणें ठेवून घेतलें. पुढें फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचा प्रवेश झाला व डीन रेचेल बॉडली यांचा आधार लाभला. तात्पर्य, परक्यांनीं त्यांना परकें मानलें नाहीं. मग अडचण होती ती कोठें ?

थंडी व अन्न हीं उघड कारणें होतीं. प्रयाणापूर्वीं २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर येथील कॉलेजांत केलेल्या भाषणांत, आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊन राहूं, असें आनंदीबाईंनीं सर्वांसमक्ष सांगितलें होतें. तो शब्द त्यांनीं पाळला. मात्र शब्द पाळणें म्हणजे जुनें तेवढें कवटाळून बसणें, असा अर्थ त्यांनीं केला नाहीं. नऊवारी लुगड्यानें त्या हवेंत पाय उघडे पडत, म्हणून त्या गुजराती पद्धतीनें साडी नेसूं लागल्या. आहार मात्र शाकाहारीच ठेवला. काय सोडावें व काय राखावें याचा निवाडा करण्यास तेथें सासर नव्हतें, शास्त्री नव्हते. तो त्यांचा त्यांनाच करावा लागला. परदेशांत रुळणें म्हणतात तें आमच्या मतें हेंच.

आणि येथेंच खरी अडचण उभी राहते. ज्या गोपाळरावांनीं हट्टानें त्यांना शिकविलें, तेच दूर राहून पत्रांतून संशय घेऊं लागले, बोल लावूं लागले. आठवडेच्या आठवडे वाट पाहावी आणि लखोट्यांतून दोषारोप निघावा, ही शिक्षा थंडीहून कमी नव्हे. आनंदीबाईंचें उत्तर मात्र विलक्षण आहे. लहानपणीं सोसलेल्या माराचा उल्लेख त्या निर्भीडपणें करतात, आणि पतीमुळेंच आपणांस विद्या मिळाली हेंही तितक्याच निश्चयानें सांगतात. कल्याणहून निघालेल्या मुलीला हें पत्र लिहितां आलें नसतें. शरीरशास्त्राइतकेंच हेंही शिक्षण अमेरिकेंत झालें.

चरित्र लिहिलें गेलें तेव्हां आनंदीबाईंच्या मृत्यूस दोनच वर्षें झालीं होतीं. ११ मार्च १८८६ रोजीं पदवी मिळाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांत नेमणूक ठरली, आणि रुजू होण्यापूर्वींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास अंत झाला. या शोकाची छाया मागच्या प्रत्येक पानावर पडते, व वाचक सारा प्रवास एक यज्ञ म्हणून वाचूं लागतो. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या 'आनंदी गोपाळ' कादंबरीनें ही कथा घरोघर नेली हा तिचा मोठा गुण. पण तिच्यांतही गोपाळरावांचें व्यक्तित्व इतकें प्रबळ आहे कीं, विद्यार्थिनी आनंदी त्यामागें कांहींशी झांकली जाते. मीरा कोसंबी यांनीं या पत्रांचा पुन्हां कसून अभ्यास केला, त्याचें महत्त्व यासाठींच. तरुण विद्यार्थिनीचे बेत, तिचा थकवा आणि तिचा करारीपणा हें बलिदानाच्या कल्पनेंत बसत नाहीं, आणि साहित्यदृष्ट्या तेंच मोलाचें आहे.

आज सातारा-सांगलीकडून बाहेरदेशीं जाणाऱ्या मुलामुलींना लखोट्याची वाट पाहावी लागत नाहीं. घरचा आवाज त्यांच्या खिशांतच असतो. काय खाल्लें, काय ल्यालें, कोणाबरोबर होतां, हे प्रश्न रोज विचारतां येतात. म्हणून हें पुस्तक जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या पेटींत असावें, पण त्याआधीं तें त्याच्या आईबापांनीं वाचून काढावें.