खोडलेले मामा

छायाचित्रकलेवर टीका करण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. पण ज्या छायाचित्राचं परीक्षण मी इथं करणार आहे ते माझंच असल्यामुळे कुणाच्या भावना दुखावण्याचा प्रश्न नाही. शिवाय दुसरं कुणी ते करील अशी चिन्हंही वर्षभरात दिसलेली नाहीत. छायाचित्राचं नाव ‘कृष्णाकाठची पहाट’. स्थळ वाई, ढोल्या गणपतीचा घाट. आकार बारा बाय अठरा, फ्रेम सागवानी, फ्रेमचा खर्च छायाचित्राच्या योग्यतेपेक्षा जास्त.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. पगारवाढीच्या कराराचा फरक एकरकमी हातात पडला तेव्हा मी डिजिटल कॅमेरा घेतला. घेतल्यावर ध्यानात आलं की छायाचित्राला उजेड लागतो, आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात जगातला सगळा उजेड बँकेकडे तारण असतो. उरला रविवार. तो दळण, पाहुणे आणि सोसायटीची सभा यांच्याकडे पूर्वीपासूनच गहाण. सप्टेंबर 2015 पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागली, पण ही बातमी माझ्या आधी घरात पोचलेली असल्यामुळे त्या शनिवारांचंही वाटप झालेलं होतं. आता रात्री जेवणं झाल्यावर काढणार कशाचा फोटो? म्हणून मग मी काढलेले फोटो संगणकावर सुधारायला शिकू लागलो. ज्याला पोहायला सवड नाही त्यानं रोज रात्री टॉवेल वाळत घालावा, तशातला हा प्रकार.

संगणकावर फोटोशेजारी एका खाली एक पट्ट्या असतात. एक्सपोझर, कॉन्ट्रास्ट, हायलाइट, शॅडो, क्लॅरिटी, सॅच्युरेशन. पट्टीवरचा ठिपका उजवीकडे सरकवला की जग सुधारतं. पहिला महिना मी प्रत्येक ठिपका शेवटच्या टोकापर्यंत नेला. ती कृष्णामाई बघून आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, ही नदी आहे की रेशनचं रॉकेल?” क्लॅरिटी वाढवली तर घाटाच्या दगडाबरोबर घाटावरच्या माणसांनाही देवीचे व्रण आले. बी.कॉम.च्या आधाराने मला एकच गोष्ट लगेच समजली, ती म्हणजे हिस्टोग्राम. तो फोटोचा ताळेबंदच असतो. डाव्या बाजूला काळोख, उजव्या बाजूला उजेड. डावीकडची थकबाकी थोडीफार वसूल होते, जरा दाणेदार होऊन येते इतकंच. पण उजवीकडे पूर्ण पांढरं झालेलं आभाळ म्हणजे बुडीत खातं. पट्टी कितीही ओढा, तिथं काही नाहीच.

ही लबाडी संगणकानं आणली असं मात्र कुणी समजू नये. आमच्या आईवडिलांच्या लग्नाचा फोटो स्टुडिओवाल्यानं हातानं रंगवलेला आहे. त्यात आईचे ओठ, वडिलांचे ओठ आणि मागच्या पडद्यावरचे गुलाब हे तिन्ही एकाच ब्रशनं आटोपलेले आहेत. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग घालवणारे कारागीर पूर्वी गावोगावी होते. 1990 साली फोटोशॉप बाजारात आलं तेव्हा त्यात डॉज आणि बर्न नावाची जी हत्यारं ठेवली, ती नावांसकट डार्करूममधून उचललेली होती. फोटोचा कागद प्रकाशात धरताना एखाद्या भागावर सावली धरली की तो भाग उजळ येतो, हे डॉज. जास्त वेळ प्रकाश दिला की गडद होतो, हे बर्न.

या विद्येतला सर्वांत मोठा उस्ताद म्हणजे अमेरिकेतला ॲन्सेल ॲडम्स. त्याचं ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे छायाचित्र माझ्यासारख्या बिनसवडीच्या माणसानं देव्हाऱ्यात ठेवावं असं आहे. 1941 च्या शरदात न्यू मेक्सिकोत मोटारीनं परतताना त्याला रस्त्याच्या कडेला एक छोटं गाव दिसलं. कबरस्तानातले पांढरे क्रूस मावळत्या उन्हात चमकताहेत आणि वर चंद्र. गाडी थांबवली, भलामोठा कॅमेरा उभा केला, तर प्रकाश मोजायचं यंत्रच सापडेना! (हा भाग वाचून मला फार धीर आला.) चंद्राच्या उजेडाचा आकडा पाठ होता, त्यावरून हिशेब मांडून त्यानं एक फोटो घेतला. दुसरा घ्यायला जातो तोच क्रूसांवरचं ऊन गेलं. झालं! एकच निगेटिव्ह. तारीख टिपून ठेवायचीही राहिली. ती पुढं खगोलशास्त्रज्ञांनी चंद्राच्या जागेवरून काढून दिली: 1 नोव्हेंबर 1941.

पण खरी गंमत पुढंच आहे. त्या एका निगेटिव्हवरून ॲडम्सनं जवळजवळ चाळीस वर्षं प्रती काढल्या, 1300 च्या वर. सुरुवातीच्या प्रतींत आभाळ फिकट आहे, ढगांच्या रेघा दिसतात. पुढं पुढं आभाळ काळं होत गेलं आणि चंद्र एकटा पडला. 1948 साली तर त्यानं निगेटिव्हच्या खालच्या भागावर रसायनं वापरून जमिनीचा तपशील वाढवला. तो मुळात पियानो शिकलेला माणूस. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रत म्हणजे मैफल, असं तो मानायचा.

मग ही अफरातफर नाही का? मी कारकुनाच्या नजरेनं पुष्कळ तपासलं. ॲडम्सनं काळोख वाढवला, उजेड कमी केला, म्हणजे या डोक्यावरची रक्कम त्या डोक्यावर नेली. पण दुसरा चंद्र जमा केला नाही, की एक क्रूस खर्ची टाकला नाही. आमच्या पहिल्या हेडक्लार्कनी मला शिकवलं होतं, “चूक झाली तर आडवी रेघ मारून खाली सही करा. खोडरबर बँकेत आणायचं नाही.” रॉ नावाची फाइल असते, तिच्यात हाच नियम यंत्रानं पाळलेला आहे. मूळ नोंदीला धक्का लागत नाही. तुम्ही केलेले सगळे उपद्व्याप वेगळ्या पानावर लिहिले जातात. या नियमानं माझं ‘कृष्णाकाठची पहाट’ तपासलं, तर थेट चौकशी समिती बसवायचं प्रकरण आहे.

कारण मी खोडरबर वापरलं होतं. रात्री साडेदहा ते अडीच बसून विजेच्या तारा काढल्या, एक निळी बादली काढली, वाळत घातलेलं धोतर काढलं आणि तिसऱ्या पायरीवर बसलेला एक मफलरवाला इसम काढला. त्या जागी शेजारच्या पायरीचा दगड आणून इतका बेमालूम बसवला की रास्त्यांच्या गवंड्यानंही शाबासकी द्यावी.

दिवाळीत फ्रेम घेऊन वाईला गेलो. मामा चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. तरुणपणी त्यांच्याकडे आग्फा क्लिक-थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि तो रोल गणपतीपासून होळीपर्यंत पुरवायचा. त्यांनी चष्मा पुसला आणि फोटो बराच वेळ पाहिला.

“देऊळ छान आलंय. पुराचं पाणी कापायला मागची भिंत माशासारखी केलीय, तीही कळते. पण मी कुठाय?”

“तुम्ही?”

“अरे, तिसऱ्या पायरीवर बसलो होतो ना मी. थंडी होती म्हणून मफलर घातला होता.”

“मामा, त्याचं असं झालं... तुम्ही कंपोझिशनमध्ये बसत नव्हता.”

“मी घाटावर बसलो होतो. तुझ्या कंपोझिशनमध्ये कशाला बसू?”

मामी स्वयंपाकघरात हसल्या. मामा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. विद्यार्थ्याचं चित्र तपासताना विचारावं तसं त्यांनी विचारलं, “मला पुसायला वेळ किती लागला?”

“सगळं मिळून चार तास.”

“आणि घाटावर किती वेळ होतास?”

घाटावर मी वीस मिनिटं होतो. तो दुसरा शनिवार होता. दुपारी सोसायटीची सभा होती, नऊची एस.टी. गाठायची होती.

“बरं,” मामा म्हणाले, आणि फ्रेम लावायला खिळा शोधायला उठले.

पुण्याला परतल्यावर त्याच रात्री मी मूळ रॉ फाइल उघडली. बादली होती, धोतर होतं, मामा होते. आता टीकाकार म्हणून प्रामाणिकपणे सांगायचं तर मूळ चित्र माझ्या चित्रापेक्षा उजवं आहे. मामा तिथं असल्यामुळे पायरी किती उंच आणि देऊळ किती थोरलं ते समजतं. ते काढल्यावर घाट नगरपालिकेच्या नकाशासारखा दिसायला लागला होता. मग मी मामांवरची शॅडोची पट्टी थोडी सरकवली. फक्त सावलीतली थकबाकी वसूल केली. मफलरचा रंग दिसू लागला. मामा नदीकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. त्यांच्या शेजारी, इतके दिवस मी दगड समजत होतो ती वस्तू म्हणजे थर्मास होता, आणि त्याच्याजवळ दोन कप पालथे घातलेले होते.

तो चहा मी घेतला नव्हता.

पुढच्या चौथ्या शनिवारी घरात “ऑडिट आहे” असं सांगून वाईला गेलो. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. घाटावर साडेतीन तास बसलो, दोन कप चहा झाला. कॅमेरा नेला होता. बारा फोटो काढले.