जो स्पेन्स यांची आत्मछायाचित्रे : एक प्रश्नचिन्ह

देहप्रतिमा आणि छायाचित्रण यांच्या परस्परसंबंधांविषयी लिहिताना ‘आत्मस्वीकार’ ही संज्ञा अलीकडे सर्रास योजिली जाते. ब्रिटिश छायाचित्रकार जो स्पेन्स (१९३४–१९९२) यांच्या आत्मछायाचित्रांनाही तीच लावली जाते. ही संज्ञा त्यांच्या कार्याला अपुरी पडते, किंबहुना त्याची धार बोथट करते, असे येथे सुचवावयाचे आहे.

स्पेन्स मूळच्या व्यावसायिक छायाचित्रकार. लंडनमध्ये त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता. लग्नाचे व कुटुंबांचे फोटो काढताना गिऱ्हाइकाला स्वतःचे जे रूप हवे असते तेच द्यायचे, हे या धंद्याचे सूत्र त्यांना आतून ठाऊक होते. १९७९ साली प्रदर्शित झालेल्या ‘बियॉन्ड द फॅमिली अल्बम’मध्ये त्यांनी ते उलटे फिरविले. साडेआठ महिन्यांच्या वयातील आपल्या विवस्त्र फोटोशेजारी त्यांनी ‘५२८ महिन्यांनंतर’चा आपला विवस्त्र फोटो ठेवला. पहिल्या चित्राकडे आपण कौतुकाने पाहतो, दुसऱ्याकडे पाहताना मोजमाप सुरू होते. देह तोच आहे; बदलते ती पाहणाऱ्याची नजर.

१९८२ साली त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेपूर्वी टेरी डेनेट यांच्या साहाय्याने काढलेल्या छायाचित्रात त्यांच्या डाव्या स्तनावर ‘जो स्पेन्सची मालमत्ता?’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे आहेत. या चित्राचे वर्णन करताना अनेकदा शेवटचे प्रश्नचिन्ह गाळले जाते. ते गाळले की उरते केवळ घोषणा. प्रश्नचिन्हामुळे मात्र हे वाक्य शल्यविशारदाला उद्देशून आहे तितकेच स्वतः स्पेन्स यांनाही उद्देशून आहे. त्यांनी संपूर्ण स्तन काढून टाकण्यास नकार दिला, गाठ काढून घेतली व पुढे चिनी पारंपरिक उपचारांचा आधार घेतला. वैद्यकीयदृष्ट्या हा निर्णय वादाचा ठरू शकेल. परंतु छायाचित्र त्या निर्णयाचे समर्थन करीत नाही. निर्णय कोणी घ्यावयाचा, एवढेच ते विचारते.

१९८४पासून रोझी मार्टिन यांच्यासमवेत केलेल्या ‘फोटो थेरपी’तील सर्वच चित्रे या तोडीची नाहीत. त्यांतील काही प्रक्रियेची माहिती सोबत नसेल तर निव्वळ वेशांतरे वाटतात. ज्याला तो अनुभव आला त्याच्यासाठी ती मोलाची असतील. प्रेक्षकापर्यंत त्यांचे मोल पूर्णपणे पोहोचत नाही.

याउलट ‘एक्झाइल्ड’ (१९९०) या चित्राला स्पष्टीकरणाची गरज भासत नाही. अर्धा चेहरा मुखवट्याने झाकलेला, वस्त्र बाजूला सारलेले, शस्त्रक्रियेने बदललेला स्तन उघडा, आणि छातीवर ‘राक्षस’ या अर्थाचा इंग्रजी शब्द. येथे सांत्वन नाही, समेटही नाही. तो शब्द रुग्णालयाने लिहिला, समाजाने लिहिला की त्यांनी स्वतः, हे चित्र सांगत नाही. आणि देह ‘स्वीकारला’ असे म्हणावे, तर तो शब्दही त्याबरोबर स्वीकारावा लागतो.