'म्हणे' नसलेली भाषा : युनिक्स सर्व्हरमधील डिस्क-त्रुटींच्या नोंदींचे वाचन

'तो काल गावाला गेला' आणि 'तो काल गावाला गेला म्हणे' या दोन मराठी वाक्यांत घटना एकच आहे. भेद आहे तो सांगणाऱ्याच्या ज्ञानाच्या उगमाचा. पहिल्या वाक्यात वक्ता विधानाची जबाबदारी स्वतःकडे घेतो, दुसऱ्यात ती इतरांवर सोपवतो. बल्गेरियन भाषेत हा भेद क्रियापदाच्या रूपानेच व्यक्त होतो. रोमान याकबसन यांनी रशियन क्रियापदाविषयीच्या १९५७ च्या आपल्या निबंधात या भेदाला स्वतंत्र व्याकरणिक कोटी म्हणून स्थान दिले. युनिक्स व तत्सम प्रणालींवर चालणाऱ्या सर्व्हरच्या नोंदींत या कोटीचा संपूर्ण अभाव आहे. तेथे प्रत्यक्ष साक्षीदार आणि ऐकीव वार्ता सांगणारा, दोघेही सारख्याच ठाम सुरात बोलतात. डिस्क-त्रुटींच्या संदेशांचा अर्थ लावताना जे प्रमाद घडतात, त्यांचे मूळ तांत्रिक अज्ञानापेक्षा या अभावात अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लिनक्स सर्व्हरमधील एका साटा डिस्कवरचा एकच सेक्टर वाचता येईनासा झाला, असे समजू. नोंदीत मात्र चारपाच निरनिराळे संदेश उमटतात. प्रथम डिस्कचे स्वतःचे उत्तर येते. त्यात 'यूएनसी' हे चिन्ह असते. मजकूर दुरुस्त करून वाचता आला नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर 'मीडियम एरर' हा शब्दप्रयोग असलेली ओळ, मग 'आय/ओ एरर, डेव्ह एसडीए, सेक्टर अमुक', मग 'बफर आय/ओ एरर ऑन डेव्ह एसडीए१, लॉजिकल ब्लॉक तमुक'. तशी व्यवस्था केलेली असेल आणि बिघाड फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या रचनेपर्यंत पोचला, तर ती फाइल सिस्टिम केवळ-वाचनासाठी पुन्हा जोडली जात असल्याची घोषणाही होते. वाचणाऱ्याची नजर साहजिकच या शेवटच्या, सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्या ओळीवर खिळते. वस्तुतः न्यायशास्त्राच्या परिभाषेत ज्याला आप्तवाक्य म्हणता येईल, ते येथे पहिलेच आहे. पुढील प्रत्येक थर खालच्या थराने सांगितलेलेच आपल्या शब्दांत पुन्हा सांगतो, आणि प्रत्येक पुनरुक्तीत कारणाचा काही अंश गळून पडतो. अखेरीस उपयोजनाच्या हाती 'इनपुट/आउटपुट एरर' एवढेच उरते. तेथे दोष पृष्ठभागाचा, तारेचा की विद्युत्पुरवठ्याचा, हे ओळखण्याची सोयच राहत नाही.

या ओळींतील आकडेही निरनिराळ्या स्थानांवरून बोलतात. 'सेक्टर' हा संपूर्ण डिस्कच्या आरंभापासून, ५१२ बाइटांच्या मापाने मोजलेला असतो. 'लॉजिकल ब्लॉक' हा पार्टिशनच्या आरंभापासून, बहुधा ४,०९६ बाइटांच्या मापाने मोजलेला असतो. पार्टिशन २,०४८ व्या सेक्टरपासून सुरू होत असेल, तर सेक्टर १०,०२,०४८ आणि लॉजिकल ब्लॉक १,२५,००० ही एकाच जागेची दोन नावे होत. 'इथे' आणि 'तिथे' यांचा अर्थ बोलणारा कोठे उभा आहे यावर ठरतो, तसाच हा प्रकार. तो न ओळखणारा वाचक एका व्रणाचे दोन व्रण मोजतो. 'एसडीए' हे नावसुद्धा विशेषनाम नसून सर्वनामाच्या जवळचे आहे. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ते दुसऱ्याच डिस्ककडे निर्देश करू शकते. या बाबतीत सोलारिसचा संदेश अधिक विवेकी म्हटला पाहिजे. तो डिस्कचा अनुक्रमांक देतो, आणि त्रुटी पुन्हा प्रयत्न करण्याजोगी की निर्णायक, हेही सांगतो.

परंतु खरा पाठचिकित्सेचा प्रश्न 'मीडियम एरर'च्या ओळीत आहे. तिला जोडून पुष्कळदा 'अनरिकव्हर्ड रीड एरर – ऑटो रीअलोकेट फेल्ड' असे शब्द येतात. सरळ अर्थ असा की, खराब सेक्टरच्या जागी राखीव सेक्टर योजण्याचा डिस्कने प्रयत्न केला व तो फसला. यावरून राखीव जागा संपली, डिस्क आता मृत्युपंथाला लागली, असे अनुमान काढले जाते. सर्वसाधारण साटा डिस्कने मात्र असे काहीच म्हटलेले नसते. लिनक्समधील 'लिबएटीए' हा थर साटा डिस्कचे उत्तर स्कझीच्या परिभाषेत भाषांतरित करतो, आणि त्याच्या कोष्टकात 'यूएनसी'समोर नेमका हाच स्कझी संकेत लिहून ठेवला आहे. म्हणजे 'रीअलोकेट फेल्ड' हा मूळ वक्त्याचा शब्द नसून भाषांतरकाराचा प्रक्षेप आहे. वाचन फसले असता डिस्क सामान्यतः त्या सेक्टरला 'प्रलंबित' ठरवून थांबते. मजकूरच हाती नसताना ती तो हलविणार तरी कसा? त्या जागी पुढे लेखन होईल तेव्हा डिस्क तीच जागा पुन्हा वापरते किंवा राखीव सेक्टर योजते.

१९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीतील संदेश याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. 'एर ऑन डेव्ह', उपकरणाचे दोन क्रमांक, ब्लॉकचा क्रमांक आणि नियंत्रकाच्या नोंदकांतील अष्टमान आकडे, बस्स. संदेश दुर्बोध होता खरा. पण जे पाहिले तेवढेच तो सांगे. नंतरच्या संदेशांनी सुबोधतेसाठी ही निष्ठा थोडी विकली, असेच म्हणावे लागते.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. 'यूएनसी'ऐवजी 'आयसीआरसी' हे चिन्ह असेल, तर बिघाड डिस्क आणि नियंत्रक यांच्यामधील दळणवळणाचा असतो, आणि बहुधा तार बदलणे पुरते. येथे डिस्क बदलणे म्हणजे निरोप चुकीचा आला म्हणून निरोप धाडणाऱ्यालाच हद्दपार करणे होय.

या अर्थनिर्णयावर काय अवलंबून आहे ते रेड-५ रचनेत दिसते. ही रचना एकच डिस्क गमावण्याचा धक्का सोसू शकते. 'रीअलोकेट फेल्ड' वाचून घाईने डिस्क काढली की तेवढा आधार संपतो. मग पुनर्बांधणी चालू असताना उरलेल्यांपैकी एकीवर एक जरी सेक्टर वाचता आला नाही, तरी त्या पट्ट्यातील मजकूर परत मिळत नाही. प्रलंबित सेक्टरांची संख्या दिवसेंदिवस वाढत असेल तर डिस्क बदलावीच. तेथे दुमत नाही. पण त्यापूर्वी नोंद आणखी काही ओळी पुढे वाचावी. लिनक्सची 'एमडी' यंत्रणा अशा प्रसंगी हरवलेला मजकूर इतर डिस्कांवरून सिद्ध करून त्याच जागी पुन्हा लिहिते, आणि नोंदवते : 'रीड एरर करेक्टेड, ८ सेक्टर्स'. जे फसले म्हणून वर लिहिले होते, त्याच जागेवरचे लेखन येथे यशस्वी झालेले असते, आणि वरची ओळ तरीही तशीच, न खोडता, उभी असते.