वज्रलेप आणि चुना : एका रूढ समजुतीचें परीक्षण

जुन्या वाड्यांविषयीं लिहिणाऱ्यांच्या लेखांत एक विधान वारंवार आढळतें : पूर्वजांनीं विटा ‘वज्रलेपानें’ सांधल्या, म्हणून त्या भिंती शतकानुशतकें टिकल्या. आधारासाठीं वराहमिहिराच्या बृहत्संहितेकडे बोट दाखविण्यांत येतें. ह्या विधानाची छाननी करणें आम्हांस अवश्य वाटतें. हा नुसता शब्दाचा वाद असता तर तो विद्वानांवर सोंपवून आम्ही स्वस्थ बसलों असतों. परंतु त्याचा परिणाम विटांवर आणि विटांच्या आड जपलेल्या पोथ्यांवरहि होत आहे.

प्रथम मूळ ग्रंथ पाहूं. सहाव्या शतकांतील ह्या ग्रंथांत वज्रलेपाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यांतील पहिली कृति अशी : तिंदुक व कवठ यांचीं कच्चीं फळें, शेवरीचीं फुलें, सालईच्या बिया, धामणीची साल व वेखंड हीं द्रोणभर पाण्यांत अष्टमांश उरेपर्यंत कढवावीं आणि त्यांत गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल इत्यादि द्रव्यें घालावीं. हा कल्क तापवून देवालयें, प्रासाद, लिंगें, प्रतिमा, भिंती व विहिरी यांवर लावावयाचा आहे. दुसऱ्या कृतींत लाख येते. तिसरींत शिंगें, केस व कातडें. शेवटचा ‘वज्रसंघात’ तर शिसें आठ भाग, कांसें दोन भाग व पितळ एक भाग असा धातूंचा रस होय. पहिल्या कृतींत चुन्याचें नांवहि नाहीं. ‘लेप’ हा शब्दच सांगतो कीं, हा पृष्ठभागावर चढविण्याचा थर आहे. दोन विटांमध्यें घालावयाचा मसाला नव्हे.

पुढें बाराव्या शतकांत चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासांत ‘वज्रलेप’ म्हणून म्हशीचें कातडें कढवून केलेली सरस सांगितली आहे. तिचा उपयोग भित्तिचित्रांकडे. म्हणजे नांव एक, वस्तु अनेक. ज्यांस चुना शोधावयाचा आहे त्यांनीं ‘सुधा’ हा शब्द धरून मयमत, शिल्परत्न अशा दाक्षिणात्य शिल्पग्रंथांकडे वळावें. ‘सौध’ हा शब्द ह्या सुधेवरूनच आला. चुन्यांत गूळ, हिरडा, बेलफळ यांचें पाणी मिसळण्याची चाल होती, हें आम्हांस मान्य आहे. पण तीं अनुपानें होत, औषध चुनाच.

हा प्रमाद पुस्तकांतच राहता तर बरें होतें. पनवेलजवळचें कामोठें हें खाडीकांठचें गांव. सिडकोच्या (स्थापना १९७०) वसाहतीनें तें वेढलें आहे व २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेंत मोडतें. तेथील एका जुन्या विटांच्या घरीं कांहीं पोथ्या पाहण्यासाठीं आमचें जाणें झालें. ‘वज्रलेप’ म्हणजे वज्रासारखा कठीण मसाला, अशी यजमानांची समजूत. तसा मसाला आज सिमेंटच, म्हणून त्यांनीं चुन्याच्या दरजा उकरून त्या सिमेंटनें भरून घेतल्या होत्या. दोन पावसाळे गेले. दरजा रेघांसारख्या पुढें राहिल्या होत्या आणि मधल्या विटांचे पापुद्रे सुटून त्या आंत गेल्या होत्या. आंतील अंगास लोणा फुटला होता आणि भिंतींतील फडताळांतल्या पोथ्यांच्या कडा ओलसर लागत होत्या.

ह्याचें कारण गूढ नाहीं. जुनी, बेताची भाजलेली वीट पाणी शोषते. खाडीकांठच्या जमिनींतून त्या पाण्याबरोबर क्षारहि चढतात. चुन्याची दरज विटेहून मऊ व सच्छिद्र असल्यामुळें ओल तिच्या वाटे बाहेर पडते. सिमेंट (जोसेफ ॲस्पडिन याचें पेटंट १८२४ चें) ती वाट बंद करतें. मग पाणी विटेच्या तोंडानें निघतें, क्षारांचे स्फटिक तेथेंच बनतात आणि विटेचा पृष्ठभाग उडवितात. झिजायचें तें दरजेनें. ती पुन्हां भरतां येते, वीट येत नाहीं. वज्राची अपेक्षा जेथें करूं नये तेथें ती केली, हीच मूळ चूक.

दरजा भरण्याची योग्य रीत अशी. प्रथम पन्हळी व वळचणी दुरुस्त करून ओलीचें मूळ तोडावें. कुजलेली दरज हातछिन्नीनें रुंदीच्या दुप्पट, निदान इंचभर खोल काढावी. यंत्राचें पातें विटेच्या कडा कापतें. सिमेंट वीट न फोडतां निघत असेल तरच काढावें. दरज झाडून भिजवावी. कळीचा चुना विझवून कांहीं आठवडे मुरवावा; एका भागास अडीच-तीन भाग धुतलेली नदीची वाळू घ्यावी; खाडीची नको. ओलीच्या जागीं विटांची सुरखी घालावी. रोमन ग्रंथकार विट्रुव्हियस हाहि नदीच्या वाळूंत तृतीयांश कुटलेली वीट मिसळावयास सांगतो. मसाला दाबून थरांनीं भरावा आणि कित्येक दिवस ओल्या गोणपाटाआड ठेवावा. कारण चुना हवेंतील कर्बद्विप्राणिद घेऊन हळूहळू पुन्हां चुनखडीरूप होतो. त्यास घाई सोसत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहीं जुन्या घराण्यांचीं दप्तरें आहेत. त्यांत इमारतखर्चाच्या याद्या असल्यास चुना, वाळू, सुरखी, गूळ, घाणीचे बैल व गवंड्यांची मजुरी यांच्या नोंदी उतरून घेऊन प्रसिद्ध कराव्यात, अशी आमची विनंति आहे. भिंत कशानें सांधली हें तीं कागदपत्रें सांगतील. वज्रलेपाच्या अध्यायास तो प्रश्न विचारणें व्यर्थ आहे. आणि ज्या भिंतीच्या फडताळांत तीं दप्तरें आहेत, तिच्या दरजा एकवार अवश्य पाहाव्यात.