परक्यांचे देऊळ आणि त्याचे पाथरवट

भयकथा म्हटली की आपल्याकडील जाणत्या वाचकाच्या कपाळाला आठी पडते. ती रात्री पांघरुणात शिरून वाचावी आणि सकाळी कोणाला सांगू नये, असा आपला संकेत. तेव्हा भयकथेचा चार जणांनी मिळून मांडलेला खेळ, आणि त्यावर चक्क दिवाळी अंकात टीकालेख, हे पाहून काही वाचक हसतील. खुशाल हसावे, सणाचे दिवस आहेत. पण एखाद्या चांगल्या कादंबरीने विचारावा असा एक प्रश्न मला या खेळात सापडला, आणि तो तेथे अर्धाच विचारला गेला आहे, ही माझी तक्रार आहे.

प्रथम खेळ कसला ते सांगतो. ‘कॉल ऑफ कथुल्हू’ हा सँडी पीटरसन यांचा खेळ १९८१ साली अमेरिकेत केऑसियम या प्रकाशनाने काढला. यात सोंगट्या नाहीत, की जिंकणे-हरणे नाही. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी दार ढकलतो’, ‘मी कंदील वर धरतो’ असे बोलत कथा पुढे नेतात. जमले की फसले, याचा निवाडा फासे करतात. प्रत्येक पात्रापाशी मनःस्वास्थ्याचे काही गुण असतात. काही अघोर दिसले की फासे टाकावयाचे आणि गुण गमवावयाचे. सारे गुण संपले की पात्राला कायमचे वेड लागते. त्यातही मौज अशी, की त्या अघोर विद्येचे ज्ञान जितके वाढेल, तितकी या गुणांची कमाल मर्यादा खाली येते. मुलांचे गुण वाढविण्यात जन्म घालविलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हा उलटा हिशेब फार गमतीचा वाटला.

या खेळासाठी चार्ल्स व जॅनिस एंगन यांनी लिहिलेले ‘बियाँड द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ हे चारशेहून अधिक पानांचे दांडगे कथानक १९९९ साली निघाले. १९३३ सालची एक काल्पनिक मोहीम त्यात अंटार्क्टिकावर जाते. त्याचा पाया म्हणजे एच. पी. लव्हक्राफ्ट यांची ‘अॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ ही लघुकादंबरी. १९३१ साली लिहिलेली ही कृती ‘वियर्ड टेल्स’ मासिकाने परत केली, आणि १९३६ साली ती ‘अस्टाउंडिंग स्टोरीज’च्या तीन अंकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली.

मूळ कथा अशी. संशोधकांना बर्फाच्या प्रदेशात काही विलक्षण प्राण्यांची गोठलेली शरीरे सापडतात. लेक नावाचा जीवशास्त्रज्ञ त्यातले एक चिरून पाहतो. पुढे तळ उद्ध्वस्त होतो. डायर हा भूगर्भशास्त्रज्ञ व डॅनफोर्थ हा त्याचा विद्यार्थी पर्वतापलीकडे उडत जातात, तो तेथे लाखो वर्षांचे ओसाड दगडी नगर. त्याच्या दालनांत शिरताना आपल्याला एखाद्या पडक्या देवळाच्या सभामंडपात शिरल्यासारखे वाटते. भिंतींवर कोरीव पट्टे, आणि त्यांत ताऱ्यांवरून आलेल्या त्या ‘प्राचीनां’चा सारा इतिहास. मग ध्यानात येते, की गोठलेले प्राचीन जिवंत होते. आणि लेकने जसे त्यांच्यातल्या एकाला चिरले, तसेच त्यांनी एका माणसाला चिरले. दोघांचीही जिज्ञासा एकच! शेवटी त्या प्राचीनांची प्रेते पाहताना डायरला भय उरत नाही, कणव येते. तीही आपल्यासारखीच ज्ञानाच्या मागे लागलेली माणसे होती, असे त्याला वाटते. भयकथेला एवढी उंची क्वचितच लाभते.

पण ही कणव दारातच थांबते. या नगराचे दगड उचलले कोणी? शोगॉथांनी. प्राचीनांनी ओझी वाहण्यासाठी घडविलेले, वाटेल तो आकार घेणारे हे जीव. हळूहळू त्यांना बुद्धी फुटली, त्यांनी बंड केले, आणि मालकांनी ते चिरडले. गुलाम ठेवणारा ‘आपल्यासारखा माणूस’, आणि गुलाम तेवढा किळसवाणा चिखल! लव्हक्राफ्ट यांचा वंशद्वेष त्यांच्या पत्रांतून जगजाहीर आहे. येथे तो कथेच्या हाडात शिरला आहे.

खेळाने हे दुरुस्त करावयाचे, तर त्याने ते कोष्टकात बसविले. प्राचीन दिसला तर सहापर्यंत गुण जातात. शोगॉथ दिसला तर वीसपर्यंत. म्हणजे मालकापेक्षा मजुराला किती अधिक भ्यावयाचे, हे नियमानेच ठरले.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा भाचा व त्याचे मित्र यांनी या कथानकातला नगराचा भाग तीन रात्री खेळला. पुस्तक इंग्रजी, बोलणे अस्सल मराठी. मी कोपऱ्यात चहा घेत ऐकत होतो. त्यांच्यातली एक मुलगी, जी खेळात छायाचित्रकार झाली होती, सूत्रधाराला म्हणाली, “अरे, पण एवढे मोठे दगड इथे चढवले कोणी? त्यांची चित्रं आहेत का भिंतीवर?” सूत्रधाराने पाने चाळली. तेवढ्यात बोगद्यातून आवाज आल्याचे त्याला सांगावयाचे होते. ते त्याने सांगितले, फासे पडले, सगळे आरडाओरडा करीत पळाले. प्रश्न तसाच राहिला.

माझ्या मते या कथानकाचे खरे दार त्या प्रश्नात होते. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या नावावर आपण मुलांना शिकवितो. छिन्नी चालविणारे हात पाठ्यपुस्तकात येत नाहीत. परक्यांच्या देवळातही आपण तसेच वागलो, तर एवढ्या लांबचा प्रवास करून पाहिले काय?

कादंबरीकार म्हणून मला या खेळाचा हेवा वाटतो, तो वेगळ्याच कारणासाठी. माझा नायक मी लिहीन तेवढेच बोलतो. येथे पात्राच्या तोंडी बसलेले जिवंत माणूस लेखकाला न सुचलेला प्रश्न विचारू शकते. चांगल्या सूत्रधाराने अशा वेळी फासे बाजूला ठेवावेत, आणि शोगॉथ आपल्या मालकांचा आवाज का काढतो, हे खेळाडूंना क्षणभर ऐकू द्यावे. ती नुसती नक्कल आहे, की त्याला दुसरी भाषा कोणी शिकविलीच नाही? हा विचार मनात येताच जे वाटेल ते भयच असेल. पण त्याने गुण कमी होणार नाहीत.

एंगन दांपत्याचे परिश्रम मोठे आहेत, आणि घरातल्या मोठ्या मुलांनी हा खेळ मांडला तर वडीलधाऱ्यांनी दिवा मालवू नये. फक्त कोणी पाथरवटांविषयी विचारले, तर पाने चाळून त्याला गप्प करू नये, एवढीच सूत्रधारांना विनंती.