सामाजिक भांडवल मोजताना कोण निसटतं?

आपत्ती आणि समाज या विषयावर संशोधन करायचं म्हटलं की डॅनियल ऑल्ड्रिच यांचं 'बिल्डिंग रेझिलियन्स' (२०१२) हे पुस्तक वाचावंच लागतं. पण वाचून झालं की बरेच जण त्यातला 'सामाजिक भांडवल' हा शब्द उचलतात आणि थेट सिनॉप्सिसमध्ये टाकतात. तसं करण्याआधी थोडं थांबू या.

ऑल्ड्रिच यांचा प्रश्न साधा आहे. सारखाच तडाखा बसलेल्या दोन वस्त्यांपैकी एक लवकर सावरते, दुसरी रेंगाळते. असं का? नुकसान किती झालं, पैसा किती आला, सरकार किती सक्षम होतं, ही नेहमीची उत्तरं त्यांना पुरेशी वाटत नाहीत. त्यांचं उत्तर आहे माणसांमधले संबंध. त्यासाठी ते चार घटना घेतात: १९२३ चा टोकियोचा भूकंप, १९९५ चा कोबेचा भूकंप, २००४ च्या त्सुनामीनंतरचा तामिळनाडू आणि २००५ मधल्या कॅटरिना वादळानंतरचं न्यू ऑर्लिन्स.

कोबेचं उदाहरण तर डोक्यातून जातच नाही. भूकंपानंतर आगी लागल्या. मानो या वस्तीत लोकांनी हातोहात बादल्या पुढे देत आग रोखली. मिकुरात मात्र लोक हतबल होऊन बघत राहिले. फरक कुठून आला? मानोतले रहिवासी १९६० च्या दशकापासून कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध एकत्र येत होते. एकत्र काम करायची सवय त्यांना आधीच होती. आपत्तीचा आराखडा करणाऱ्याने हे लक्षात ठेवायलाच हवं, कारण आदल्या दिवशी कागदावर 'समिती' नेमून अशी सवय लागत नाही.

आता अडचणी.

पहिली अडचण मोजमापाची. सामाजिक भांडवल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची खूण मोजावी लागते. टोकियोसाठी ऑल्ड्रिच मतदानाचं प्रमाण आणि राजकीय निदर्शनं घेतात, कोबेसाठी ना-नफा संस्थांची संख्या. खूण जागेनुसार बदलावी लागते, हे मान्य. पण मतदान करणं आणि शेजाऱ्याच्या घरावर पाणी ओतणं ही एकाच गुणाची दोन रूपं आहेत, हे सिद्ध कुठे झालं? ते गृहीत धरलंय.

दुसरी अडचण 'सावरणं' या शब्दाची. टोकियोत कोणता भाग किती सावरला, हे तिथली लोकसंख्या किती वेगाने वाढली यावरून ठरतं. पण लोकसंख्या वाढली म्हणजे जुनी माणसं परतली, असं होत नाही. जुने भाडेकरू कायमचे गेले आणि त्यांच्या जागी नवे आले, तरी आकडा वाढलेलाच दिसतो. वस्ती सावरली, पण वस्तीतली माणसं?

तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या जात-पंचायतींनी मदत आणण्याचं आणि वाटण्याचं काम फार जलद केलं. बाहेरच्या संस्थांना बोलायला एक माणूस मिळाला, हातात यादी मिळाली. पण पंचायतीच्या दृष्टीने जे 'आपले' नव्हते, म्हणजे दलित, विधवा, मुस्लिम, ते या यादीतून सुटत गेले. न्यू ऑर्लिन्समध्ये ज्या भागांत नागरी संघटन मजबूत होतं, तिथे बेघरांसाठीचे ट्रेलर कमी आले, कारण 'आमच्या भागात नको' हेही संघटितपणेच म्हणता येतं. आणि टोकियोत १९२३ मध्ये कोरियन लोकांची कत्तल करणाऱ्यांत शेजारपाजारच्या स्वसंरक्षक टोळ्या होत्या. तीही एकजूटच की!

एकजुटीला दुहेरी धार असते, हे ऑल्ड्रिच स्वतः मांडतात. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण उपाय सुचवताना ते स्थानिक चलन, सामुदायिक कार्यक्रम, लोक एकमेकांना भेटतील अशा जागा यांवर भर देतात. यामुळे ओळखी वाढतील, यात शंका नाही. पण मदतीची यादी कोण करतो आणि ती कोण तपासतो, हा प्रश्न तसाच राहतो.

आपल्याकडचं लातूर-उस्मानाबाद बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसित गावांत घराचं क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरवलं गेलं. म्हणजे भूकंपाआधीची उतरंड नव्या गावाच्या नकाशातच उतरली. त्याच कार्यक्रमात घरदुरुस्तीच्या कामासाठी गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं. त्यामुळे एरवी चावडीवर न बोलणाऱ्यांना अधिकाऱ्यांशी बोलायची वाट मिळाली. सहभाग दोन्हीकडे म्हणता येईल, पण ठरवणारे हात वेगळे.

म्हणून 'समुदायाचा सहभाग' हा शब्द सिनॉप्सिसमध्ये लिहिणार असाल, तर शेजारी तीन प्रश्नही लिहा. समुदायाच्या वतीने बोलतंय कोण? सावरणं मोजताना मी जागा मोजतोय की माणसं? आणि माझा नमुना ज्या यादीतून निवडणार आहे, ती कोणी केली? ग्रामपंचायतीकडून लाभार्थींची यादी घेऊन सर्व्हे सुरू केला, तर जे त्या यादीत नव्हते ते तुमच्या प्रबंधातही नसतील. मग निष्कर्ष येईल की गाव छान सावरलं.

ऑल्ड्रिच जरूर वाचा, तामिळनाडूचं प्रकरण आधी. फक्त कोण सावरलं हे वाचताना कोण मोजलंच गेलं नाही, तेही समासात टिपत चला.