कांती आणि वर्ण : संगणकीय व्यक्तिचित्रणातील त्वचेचा प्रश्न

व्यक्तिचित्रणाच्या शिक्षणात त्वचेचा विचार बहुधा शेवटी येतो. अस्थींची ठेवण, स्नायूंचा उठाव, प्रमाण, छायाप्रकाश या पायऱ्या चढून गेल्यावर मग अंगाचा रंग भरावयास सांगितले जाते. जणू त्वचा म्हणजे आकृतीवर अखेरीस चढवावयाचा लेपच होय. संगणकाच्या पडद्यावर लेखणीने चित्र काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात ही समजूत अधिकच दृढ होते, कारण त्याला हा लेप आयता मिळतो. रंगपेटिकेत त्वचेच्या नावाने एक पट्टी असते. तीत गुलाबी, पीतगुलाबी, फिकट तपकिरी अशा छटा ओळीने मांडलेल्या असतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडील विद्यार्थी आपल्याच गावच्या माणसाचे चित्र काढावयास बसला, की तो या पट्टीतील सर्वांत गडद छटा उचलतो, सावलीसाठी तीत काळा मिसळतो, उजेडासाठी पांढरा मिसळतो, आणि परिणामी त्याच्यासमोर माणसाऐवजी मातीचे खेळणे उभे राहते. त्याच्या हाताचा यात दोष नाही. एका प्रकारच्या त्वचेसाठी बसवलेली रीत दुसऱ्या प्रकारच्या त्वचेला लावली गेली, एवढेच झाले आहे.

या प्रश्नाकडे वळताना आपल्या भाषेची साक्ष प्रथम काढावी असे वाटते. मराठीत त्वचेविषयीचे शब्द दोन कुळांचे आहेत. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा हे वर्णवाचक. तर तुकतुकीत, नितळ, सतेज, निस्तेज, रापलेला, काळवंडलेला हे त्वचेच्या प्रकाशाशी असलेल्या व्यवहाराचे वाचक. कांती हा शब्द या दुसऱ्या कुळाचा प्रमुख होय. सावळ्या माणसाची कांती सतेज असू शकते आणि गोऱ्या माणसाची निस्तेज, हे बोलणाऱ्याला सांगावे लागत नाही. नितळ हे विशेषण आपण पाण्याला लावतो आणि त्वचेलाही लावतो. त्वचेतून काहीतरी आरपार दिसते, ही जाणीव त्या शब्दात साठवलेली आहे. उजळ या एकाच शब्दाने मात्र घोटाळा केला. प्रकाशित असणे आणि गोरे असणे या दोन भिन्न गोष्टी त्याने एक करून टाकल्या. ज्या समाजाने पंढरीच्या सावळ्या दैवतावर एवढा जीव लावला, त्यानेच वधूच्या वर्णनात उजळ शब्दाला एवढा मान द्यावा, ही विसंगती चित्रकाराने नीट ध्यानात घेतलेली बरी.

भाषेने केलेला हा भेद पदार्थविज्ञानालाही मान्य आहे. त्वचेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी अवघा सुमारे 3 ते 4 टक्के भाग पृष्ठभागावरूनच परत फिरतो. कडेने, तिरप्या दृष्टीने पाहिल्यास हे प्रमाण वाढते. हा परतलेला प्रकाश त्वचेच्या रंगाने रंगत नाही. तो दिव्याचा वा आकाशाचाच रंग घेऊन येतो. उरलेला प्रकाश आत शिरतो, विखुरतो, बाह्यत्वचेतील मेलॅनिनकडून आणि खालच्या थरातील रक्ताकडून अंशतः शोषला जातो, आणि जेथे शिरला त्याहून थोड्या अंतरावर बाहेर पडतो. गोऱ्या त्वचेत आत गेलेल्या प्रकाशाचा मोठा वाटा परत येतो. म्हणून तेथे रक्ताची लाली आणि उजेड-सावलीच्या सीमेवरची तांबूस कड ठळक दिसते. गडद त्वचेत मेलॅनिन तो वाटा पुष्कळसा गिळून टाकते, पण पृष्ठभागावरून परतणारा अंश मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. याचा अर्थ असा की, गडद त्वचेच्या चित्रणात पृष्ठभागाची झळाळी सापेक्षतः अधिक बोलकी ठरते. काळ्यासावळ्या खांद्यावर दुपारच्या मोकळ्या सावलीत जी निळी चमक दिसते ती आकाशाची असते. ती पांढरा मिसळून फिकट केलेल्या तपकिरी रंगाने कधीही साधत नाही.

संगणकशास्त्राला हे उमगावयास वेळ लागला. हेन्रिक वान येन्सेन, स्टीव्ह मार्शनर, मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनराहन यांनी 2001 मध्ये पृष्ठभागाखालील प्रकाशवहनाचे व्यवहार्य गणिती प्रतिमान मांडले. संगमरवर, दूध आणि मानवी चेहरा ही त्यांची उदाहरणे होती. या तिन्ही पदार्थांत प्रकाश मुरतो. मुरणे हा आपला साधा शब्द येथे शास्त्रीय परिभाषेहून अधिक नेमका आहे.

चित्रकारांना मात्र ही गोष्ट हाताने ठाऊक होती. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात वर्तनेचे म्हणजे छायांकनाचे पत्रज, ऐरिक आणि बिंदुज असे तीन प्रकार सांगितले आहेत. पानाच्या शिरांसारख्या रेघा, अतिसूक्ष्म फटकारे आणि ठिपके अशा तीन मार्गांनी रंग दाट करीत न्यावयाचा. काळा मिसळून मळवावयाचा नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या निकट जी कृष्णवर्णी स्त्री आहे, तिच्याकडे या दृष्टीने पाहावे. तिचा वर्ण कोणत्याही संकोचावाचून गडद ठेवलेला आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी नाक, ओठ, हनुवटी अशा उठावाच्या जागी वेगळा उजळ रंग ठेवण्याची जी रीत वापरली, तिचे मर्म गडद वर्णाच्या आकृतींतच कळते. येथे वर्ण गडद आणि कांती सतेज आहे. दोहोंची गल्लत झालेली नाही. हे शिक्षण मूळ भिंतीसमोर उभे राहूनच घ्यावे लागते. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 या काळात केलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा लंडनच्या आगीत नष्ट झाल्या. आणि प्रतिकृती कितीही निष्ठेने केलेली असली, तरी तीत अंगाच्या रंगावर नकलकाराच्या शिक्षणाची छाप उमटतेच.

आधुनिक महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर सावळाराम लक्ष्मण हळदणकर (1882–1968) यांनी दिले, असे आमचे मत आहे. सावंतवाडीकडचे हे चित्रकार. जलरंगावर त्यांचे असामान्य प्रभुत्व. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील त्यांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र सर्वपरिचित आहे. त्यासाठी त्यांच्या कन्येने बैठक दिली होती. हे चित्र राजा रविवर्म्याचे असल्याचा समज अनेक प्रेक्षकांचा होतो, हीही एक उद्बोधक गोष्ट आहे, कारण दोघांच्या त्वचेत मूलभूत अंतर आहे. रविवर्म्याची त्वचा तैलरंगाची, वरून उजळलेली. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीस गेलेल्या त्याच्या छापखान्याने ती घराघरांतल्या देव्हाऱ्यापर्यंत पोचवली, आणि देवीचा वर्ण म्हणजे गुलाबी अशी सवय आपल्या डोळ्यांना लावली. हळदणकरांच्या चित्रात उजेड आतून येतो. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीआड धरलेला. त्या आडोशाच्या बोटांच्या कडा लालसर पेटल्यासारख्या दिसतात. बोटात मुरलेला प्रकाश रक्तातून गाळून बाहेर पडतो आहे. येन्सेन-हॅनराहनांचे समीकरण ज्याचे गणित मांडते, ते येथे त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ रंगवून झालेले आहे.

हे जलरंगातच साधले, यातही काही योगायोग नाही. जलरंग पारदर्शक असतो. प्रकाश रंगातून जातो, कागदावर आपटतो आणि पुन्हा त्याच रंगातून परत येतो. त्वचेतील प्रकाशाचा प्रवास याच जातीचा आहे. हळदणकरांनी त्वचेची नक्कल केली असे म्हणण्यापेक्षा त्वचेसारखे वागणारे माध्यम निवडले असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. पडद्यावर मूळचा कागद नाही. प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाशतो आणि त्याला खोली नाही. तथापि, तेथे थर आहेत, आणि वरच्या थराने खालचा थर गडद करण्याची गुणाकाराची सोय आहे. विद्यार्थ्याने खालच्या थरात रक्ताचा तांबूस-पिवळसर रंग भरावा, कान, ओठ, बोटांची टोके येथे तो वाढवावा. त्यावर गुणाकाराच्या थरात मेलॅनिनचा तपकिरी पातळ पडदा घालावा, तळहाताला तो जवळजवळ काढून घ्यावा. आणि पृष्ठभागाची चमक सर्वांत वर, दिव्याच्या किंवा आकाशाच्या रंगात, स्वतंत्र ठेवावी. आयत्या पट्टीतून उचललेली एकच छटा हे काम करू शकत नाही.

आयत्या पट्ट्यांचा इतिहासही निष्पाप नाही. छायाचित्रांचे रंग जुळविण्यासाठी कोडॅक कंपनीने 1950 च्या दशकापासून वापरलेल्या नमुनापत्रांवर दीर्घकाळ गोरी स्त्री होती. फिट्झपॅट्रिकने 1975 मध्ये उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून त्वचेचे केलेले वर्गीकरण मुळात गोऱ्या त्वचेपुरते होते. तपकिरी आणि काळे वर्ग त्यात मागाहून जोडले गेले. समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांच्या 10 छटांची मोजपट्टी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली, ती अधिक न्याय्य आहे. पण मोजपट्टी ही शेवटी वर्णाची. तिच्यात कांती नाही. त्यात भर अशी की, भ्रमणध्वनीचा कॅमेरा पुष्कळदा चेहरा आपणहून गुळगुळीत आणि उजळ करून देतो. तेच छायाचित्र समोर ठेवून चित्र काढणारा विद्यार्थी आधीच पुसलेली त्वचा रंगवीत असतो.

म्हणून या प्रदेशातील विद्यार्थ्याला आम्ही छायाचित्राऐवजी प्रत्यक्ष प्रकाश सुचवू. ऐन वैशाखात, साग निष्पर्ण झालेला असताना, वरून सरळ ऊन पडते आणि तापलेल्या जमिनीवरून उसळून हनुवटीखाली, भुवईखाली उबदार रंग भरते. घामाने पृष्ठभागाची चमक तीक्ष्ण होते. तेंदूपाने गोळा करणाऱ्या मजुराच्या चेहऱ्यावरील सावली त्यामुळे काळी नसून तांबूस असते. पावसाळ्यात, झाडे दाटल्यावर, तीच सावली हिरवट होते. त्वचेचा खरा रंग कोणता, हा प्रश्नच येथे गळून पडतो.

गोंड आणि माडिया स्त्रियांच्या गोंदणाचा उल्लेख केल्यावाचून हा विषय संपत नाही. बहुतेक चित्रांत गोंदण सर्वांत शेवटी, सर्वांत वर, शुद्ध काळ्या रेषेने काढलेले आढळते आणि ते कागद चिकटवल्यासारखे दिसते. वस्तुतः गोंदणाचा रंग आतील त्वचेत असतो. मेलॅनिनचा पडदा त्याच्या वर येतो. खोलवरचा काळा वरच्या थरांतून निळसर-हिरवट भासतो, कारण निळ्या लहरी वरच्यावरच विखुरून परत येतात. तेव्हा गोंदणाचा थर रक्ताच्या वर आणि तपकिरी पडद्याच्या खाली पडला पाहिजे; अंगावरची चमक त्याच्यावरून अखंड वाहिली पाहिजे. वयाबरोबर हा रंग त्वचेत हळूहळू पसरतो. तरुण हातावर रेघ असते, म्हाताऱ्या हातावर तिचा मऊ पट्टा झालेला असतो. सुरकुती काढण्यापूर्वी चित्रकाराला वय दाखविण्याची एवढी सोय उपलब्ध आहे.